नवव्या पानावरची ओळ

सत्काराच्या दिवशी सकाळी दादानं चौकशी अहवालाचं नववं पान चौथ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पाचव्यांदा वाचलं. ओळ तीच राहिली.

'कॅप्टनने प्रथम डावे इंजिन बंद करण्याच्या लिव्हरवर हात ठेवला. बिघाड उजव्या इंजिनात होता. सहवैमानिकाने दुजोरा देण्यास नकार दिला व चूक टळली.'

कॅप्टन म्हणजे त्याची धाकटी बहीण. लहानपणी दिवसभर किंचाळायची म्हणून घरानं तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, ती ती बेचाळीस वर्षांची झाली तरी टिटवीच राहिली. तीन महिन्यांपूर्वी उड्डाणानंतर अकराव्या मिनिटाला तिच्या विमानाचं एक इंजिन निकामी झालं. उरलेल्या इंजिनावर, आडव्या वाऱ्यात, विमान परत आणून टेकवलं गेलं. एकशे बासष्ट प्रवासी घसरगुंड्यांवरून उतरले आणि आपापल्या पायांनी चालत गेले. तेव्हापासून टिटवीचा फोटो बसच्या पाठीवर होता, बँकेच्या कॅलेंडरवर होता, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या आरशाला चिकटवलेला होता. ओळख ना पाळख अशा दोन बायांनी आपल्या मुलींना तिचं नाव दिलं होतं.

टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून, चौकटीतलं मानपत्र उभं होतं. टिटवी आणि दादा ज्या शाळेत शिकले त्याच शाळेचा तो आता मुख्याध्यापक होता. आज चार वाजता शाळेच्या सभागृहात सातशे माणसं येणार होती. मानपत्राचा मजकूर त्याचाच. मधोमध ठळक अक्षरांत ओळ होती, 'एकशे बासष्ट जिवांना एकहाती सुखरूप परत आणणारी आमची विद्यार्थिनी.'

'एकहाती' हा शब्द सापडायला त्याला दोन दिवस लागले होते.

"कोण वाचतंय नववं पान?" तो बायकोला म्हणाला. "पाहुणे तर पहिलंही वाचणार नाहीत."

त्याच्या बायकोला घरातले सगळेच वहिनी म्हणत, सासूसासरेसुद्धा. ती इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती आणि सकाळी कमी बोलायची. तिनं कागद ओढून घेतला, वाचला आणि परत दिला. "वाचलं मी," एवढंच म्हणाली.

टिटवी केस पुसत बाहेर आली. टेबलावरचा अहवाल बघून तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं खुर्ची ओढली.

"आलं का बाहेर? बरं झालं."

"बरं कसलं झालं?" दादा म्हणाला. "हे कोणी घातलं यात?"

"मी. समितीनं रेकॉर्डिंग ऐकायच्या आधीच सांगून टाकलं होतं त्यांना."

"आणि आम्हाला?"

"चौकशी संपेपर्यंत कुणाशी बोलायचं नव्हतं, दादा. काल संपली. आज बोलणार आहे."

"आज म्हणजे... चार वाजता? स्टेजवर?"

"हो. मला तिथे एकटीला बसवून तू ते वाचणार," तिनं मानपत्राकडे हनुवटी उडवली, "आणि मी मान डोलावणार? नाही जमायचं. आणि काय रे, एकहाती? विमानाच्या दरवाजालासुद्धा दोन हात लागतात."

दादा काही बोलायच्या आत बाल्कनीतून बाबा आले. वय एक्क्याऐंशी, पाठ अजून ताठ. आख्ख्या गल्लीत त्यांना मोठे कॅप्टन म्हणत. चौतीस वर्षांपूर्वी पुढचं चाक अडकलेलं विमान त्यांनी उतरवलं होतं, त्यांनाही याच सभागृहात हार घातले गेले होते, आणि त्यांचं पदक दिवाणखान्यात घड्याळाशेजारी लावलेलं होतं. घरात एखाद्या गोष्टीचा निकाल लागत नसला की सगळे आपोआप त्यांच्याकडे बघत. आताही बघितलं.

"मी ऐकलंय सगळं," बाबा म्हणाले. "टिटवे, अहवालात लिहिलंस, कर्तव्य झालं. जिथे सांगायचं तिथे सांगितलंस. स्टेजवर काय गरज आहे? लोक फुलं घेऊन येतात. त्यांच्या हातात आपण बिघाडाचा तक्ता द्यायचा नसतो."

"बाबा, बरोबर बोललात," दादा म्हणाला.

त्याला आतून एकदम ऊब वाटली. डोळ्यांच्या नंबरापायी तो वैमानिकाच्या तपासणीत नापास झाला, त्याला आता तीस वर्षं होत आली. तेव्हापासून विमानांचा विषय निघाला की बाबा आणि टिटवी एकीकडे आणि तो पाण्याचा तांब्या घेऊन दुसरीकडे, अशीच वाटणी होती. आज बाबा त्याच्या बाजूला होते. कशावरून, हे त्याला त्या घडीला तितकंसं महत्त्वाचं वाटलं नाही.

टिटवीनं टोस्टला लोणी लावलं, शांतपणे, कडेपर्यंत. "माझ्या विमानातले मास्तर आणि पर्सरबाई जेवायला येणार आहेत," ती म्हणाली. "बाकीचे तिघं परस्पर शाळेत येतील. त्यांना तोंडावर सांगा, आमच्या घरात तुमचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय."

आई इतका वेळ ओट्याशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. ती वळली नाही. नुसतं म्हणाली, "दोन जण वाढले तर खुर्च्या लागतील. शेजारून आणा कुणीतरी."

*

वहिनी नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. दादा पलंगावर बसून भाषणाच्या कागदाची घडी घालत होता, उलगडत होता.

"तू गप्प का आहेस?" त्यानं विचारलं.

"तुझी कॉलर बिघडेल म्हणून."

"नाही, सांग. माझं चुकतंय का? मी तिचं वाईट चिंततोय का? उद्या पेपरात 'कॅप्टन चुकली होती' असं येईल. आज जे डोक्यावर घेतायत तेच उद्या... तुला लोक माहीत आहेत."

वहिनीनं इस्त्री उभी केली.

"मंगळवारी आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "पेशंट झोपलेला. डॉक्टरांनी हत्यार मागितलं. बावीस वर्षं गुडघे करणारा माणूस. मी हत्यार दिलंच नाही. म्हटलं, सर, खूण डाव्या गुडघ्यावर आहे. ते उजव्यापाशी उभे होते."

"मग?"

"मग काय, ते दुसऱ्या बाजूला गेले आणि ऑपरेशन केलं. फार सुरेख केलं. बाहेर येऊन म्हणाले, थँक यू सिस्टर. संपलं."

"हे तू मला मंगळवारी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस, आज काय झालं? मी म्हटलं, काही नाही. कारण खरंच काही झालं नव्हतं. आमच्याकडे ही बातमी नसते रे. हे आमचं रोजचं काम. बाजू मोठ्यानं बोलायची, दुसऱ्यानं ऐकायची, पटली नाही तर थांबवायचं." तिनं शर्ट हँगरला लावला. "तुझ्या बहिणीनं हात ठेवला आणि विचारलं. विचारलं, हे त्या ओळीत कुठेच नाही, पण विचारलं असणार. नाहीतर तो नकार कशाला देईल? मी असते तर त्या डॉक्टरचा फोटो आरशाला लावला असता. चुकला म्हणून नाही. थांबला म्हणून."

"म्हणजे तू तिच्या बाजूला."

"मी त्या को-पायलटच्या बाजूला आहे," वहिनी म्हणाली. "मी रोज तोच असते."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. आपली बायको रोज नेमकं काय करते हे आपल्याला ठाऊक नव्हतं, हे दादाला आत्ता, उन्हाच्या पट्ट्यात लटकलेल्या शर्टाकडे बघताना कळलं. पण वाद हरल्यासारखं वाटू नये म्हणून तो म्हणाला, "चौकट आता बदलता येणार नाही. दुकान बंद आहे."

*

दीड वाजता पाहुणे आले. पर्सरबाई पन्नाशीच्या, मनगटाला पट्टा बांधलेल्या आणि दारातूनच हसत येणाऱ्या. विमानाच्या केबिनमधले बाकीचे तिन्ही कर्मचारी त्यांच्या हाताखाली. आणि मास्तर, म्हणजे त्या दिवशीचे को-पायलट. बाबांनी मनात एखादा तरणाताठा गडी उभा केला होता. दारात उभा होता पंचावन्नचा, टक्कल पडलेला, किडकिडीत गृहस्थ. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, चाळिशीला आला तेव्हा नोकरी सोडून विमान शिकला, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणत. दादानं शाळेचं विचारलं, मास्तरांनी अपूर्णांकांचं, आणि पाच मिनिटांत दोघे नववीची मुलं भागाकार का विसरतात यावर येऊन ठेपले.

जेवणं निम्म्यावर आली आणि बाबांना राहवेना. सकाळी जे बोलले ते त्यांच्या स्वतःच्या कानाला चिकटून बसलं होतं.

"तुम्ही हिला अडवलंत," ते मास्तरांना म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

मास्तरांनी घास खाली ठेवला. "अडवलं असं नाही, मोठे कॅप्टन. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं."

"नीट सांगा."

मास्तरांनी टिटवीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"धाडकन आवाज झाला. विमान थरथरायला लागलं, इतकं की समोरचे आकडे वाचता येईनात. धुराचा वास. विमान कॅप्टनच्या हातात होतं. त्यांनी ते सरळ ठेवलं, आणि ते काही सोपं नव्हतं. मग त्यांनी हात लिव्हरवर ठेवला आणि म्हणाल्या, 'डावं. कन्फर्म?' आता नियम असा आहे की मी 'कन्फर्म' म्हटल्याशिवाय त्यांनी लिव्हर मागे ओढायचा नाही."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"मी म्हणालो, 'नाही. उजवं बघा.' कारण चार सेकंद आधी केबिनमधून यांचा फोन आला होता." त्यांनी पर्सरबाईंकडे बोट केलं.

"माझं काय त्यात!" पर्सरबाई म्हणाल्या. "मी खिडकीतून ज्वाळा बघितल्या, तेवढं कळवलं."

"तेवढं नाही," टिटवी म्हणाली. "सांगा त्यांना, कसं कळवलंत."

पर्सरबाई जरा संकोचल्या. "मी प्रवाशांकडे तोंड करून उभी होते ना. म्हणजे माझा डावा हात तो विमानाचा उजवा. घाईत नुसतं डावीकडे म्हटलं असतं तर घोळच. म्हणून म्हटलं, 'ज्वाळा दिसतायत, प्रवाशांच्या उजव्या हाताला, पंखाखाली.' आमच्या नव्या मुलींना मी तेच शिकवते, आपला हात विसरा, बसलेल्यांचा धरा."

वहिनीनं नवऱ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"मला डावं का वाटलं, ते समितीनंही विचारलं," टिटवी म्हणाली. "त्याच महिन्यात सिम्युलेटरमध्ये तीनदा डावं इंजिन बंद करायचा सराव केला होता. हात तिकडेच गेला. चांगलं इंजिन बंद केलं असतं, बाबा. दोन्ही गेली असती. खाली धावपट्टी नव्हती, वस्ती होती."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे ही मंडळी नव्हतीच. त्या काळी कॉकपिटमध्ये तीन माणसं बसत. तिसरा इंजिनिअर. दर रविवारी या घरी यायचा, दादाला खांद्यावर घेऊन जिना चढायचा, टिटवीला पत्त्यांचे खेळ शिकवायचा. मुलं त्याला इंजिनिअरकाका म्हणत. आणि मग यायचा बंद झाला. मुलांना सांगितलं होतं, बदली झाली.

"बदली झाली नव्हती त्याची," बाबा म्हणाले.

आईच्या हातातला चमचा थांबला.

"कुणाची, बाबा?" दादानं विचारलं.

"इंजिनिअरची. माझ्या विमानाचं चाक मी नाही उतरवलं. मी विमान फिरवत ठेवलं, वर, चाळीस मिनिटं. तो विमानाच्या तळातल्या झाकणातून खाली उतरला आणि हातानं फिरवून फिरवून चाक खाली आणलं. वर आला तेव्हा तळहाताची सालं निघाली होती. चाक उतरल्यावर ते विमान कुणीही टेकवलं असतं. आणि सभागृहात मी अर्धा तास बोललो. मी असं केलं, मी तसं ठरवलं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. हाताला पट्ट्या. टाळ्या वाजवता येत नव्हत्या त्याला, म्हणून मांडीवर थापा मारत होता. माझ्यासाठी."

"तो भांडला नाही?" टिटवीचा आवाज बारीक झाला होता.

"भांडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी आला नाही. मीही बोलावलं नाही. तीस वर्षं बोलावलं नाही. मग त्याच्या मुलाचं कार्ड आलं, गेला म्हणून." बाबांनी ताटाची कड सरळ केली. "सकाळी मी म्हणालो, स्टेजवर गरज नाही. ते मी तुझ्यासाठी नव्हतो म्हणत, टिटवे. तू बोललीस तर माझं भाषण उघडं पडेल, एवढंच होतं ते. बोल तू. सगळं बोल."

दादा आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"त्याच्या पट्ट्या मीच बदलायचे," आई म्हणाली. "या घरात, या टेबलावर. यांनी भाषणाचा कागद मला दाखवला होता. मी म्हटलं होतं, त्याचं नाव राहिलं. हे म्हणाले, राहू दे, लांबेल." ती बाबांकडे बघत होती, रागानं नाही. "चौतीस वर्षांनी का होईना, घेतलं."

पर्सरबाईंनी हळूच दादाच्या ताटात भाजी वाढली, जणू हे त्यांचंच घर होतं आणि दादा हादरा बसलेला प्रवासी. दादानं ती मुकाट्यानं खाल्ली. बाबा सकाळी त्याच्या बाजूला होते, ते पुन्हा पलीकडे गेले होते. पण या वेळी त्याला एकटं पडल्यासारखं वाटलं नाही. बाबा कधी नव्हे ते इतरांएवढेच दिसत होते.

*

सभागृह चारला दहा कमी असतानाच भरलं. जिन्यात, खिडक्यांत माणसं. स्टेजवर एक उंच पाठीची खुर्ची ठेवलेली होती, आणि मागे टिटवीचा फोटो, छतापासून जमिनीपर्यंत.

दादा माईकपाशी आला. सत्ताविसाव्या वर्षापासून तो या स्टेजवर बोलत होता. त्यानं चौकट हातात घेतली. पहिल्या ओळी वाचल्या. मग मधली ओळ आली आणि तो थांबला.

"इथे मी एक शब्द लिहिलाय," तो म्हणाला. "तो चुकलाय. मी भाषेचा मास्तर आहे, विद्यार्थ्यांचे शब्द रोज तपासतो, स्वतःचा तपासला नाही. तो वगळून वाचतो." आणि त्यानं वाचलं, "एकशे बासष्ट जिवांना सुखरूप परत आणणारी आमची विद्यार्थिनी आणि तिचे पाच सहकारी." शेवटचे चार शब्द चौकटीत नव्हते. "शिपाईदादा, सहा साध्या खुर्च्या आणा. उंच पाठीची परत न्या."

टिटवी विंगेत उभी होती. भावाचा आवाज कुठे कापतो ते तिला पक्कं माहीत होतं. तो कापला नाही. इतकी वर्षं आपण हवेत आणि हा जमिनीवर, असं तिनंही मनात धरलं होतं. आज सातशे माणसांपुढे तो स्वतःची चूक वाचून दाखवत होता, आणि तिच्या आधी.

सहाही जण खुर्च्यांवर बसले. केबिनमधली तिघं पोरं अवघडून खुर्चीच्या टोकावर बसली होती. टिटवी उठली आणि जसं घडलं तसं सांगितलं. धाडकन आवाज. हात. डावं. कन्फर्म? नाही. तिनं काही लपवलं नाही आणि काही फुगवलंही नाही. सभागृहात जी शांतता पसरली ती टाळ्यांआधीची नव्हती. ती निराळी होती. माणसं आपल्या हातातल्या फुलांकडे बघत होती.

चौथ्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. "माफ करा, ताई. माझी नात होती त्या विमानात. तुम्ही म्हणताय, तुमच्याकडून चूक झाली होती?"

"हो," टिटवी म्हणाली. "होत होती."

"आणि पुन्हा होऊ शकते?"

"होऊ शकते. माझ्याकडून, यांच्याकडून, कुणाकडूनही. म्हणून तर पुढे दोघं बसतात आणि मागे चौघं असतात. मी कधीच चुकत नाही असं सांगणारा कॅप्टन भेटला, तर त्या विमानातून नातीला उतरवून घ्या."

गृहस्थ उभेच होते. मग मास्तरांनी माईक घेतला. जुनी सवय, आधी घसा खाकरला.

"मी आणखी एक गोष्ट सांगतो, ती अहवालात नाही. मी बऱ्याच कॅप्टनांबरोबर उडलोय. मी वयानं मोठा, हुद्द्यानं लहान. माझं 'नाही' ऐकून घेताना काहींचा चेहरा बदलतो. मग पुढच्या वेळी माणूस 'नाही' म्हणताना अर्धा सेकंद विचार करतो. त्या दिवशी तो अर्धा सेकंद आमच्याकडे नव्हता. यांनी दर उड्डाणाआधी मला सांगितलंय, 'मास्तर, मला चुकीचं वाटलं तर ओरडा, रुसणार नाही.' दर वेळी. कंटाळा येईपर्यंत. मी नाही म्हटलं आणि यांचा हात त्याच क्षणी उचलला गेला. का, कसं, तुम्हाला खात्री आहे का, काही नाही. उजवीकडे बघितलं, खात्री केली आणि ते इंजिन बंद केलं. मग अकरा मिनिटं आडव्या वाऱ्यात विमान असं आणलं की मी बाजूला बसून नुसता बघत राहिलो. एवढी गणितं शिकवली, पण इतकं स्वच्छ उत्तर पाहिलं नाही."

चौथ्या रांगेतले गृहस्थ पुढे निघाले. लोकांना वाटलं बाहेर चाललेत. ते स्टेजच्या पायऱ्या चढले. त्यांच्याकडे एकच गुच्छ होता. त्यांनी तो सोडला आणि सहा जणांच्या हातात एकेक फूल दिलं, शेवटच्या पोरीच्या हातात उरलेली पानंसुद्धा. तेव्हा पहिली टाळी वाजली. ती पहिल्या रांगेतून आली. वहिनी उभी राहून वाजवत होती, ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायचा तो सगळा संयम बाजूला ठेवून. मग सभागृह उठलं.

दादा माईकच्या बाजूला उभा होता. शेजारच्या शिपायाच्या कानाशी लागून तो म्हणाला, "माझी बहीण आहे ती." शिपायाला हे अठरा वर्षांपासून माहीत होतं. "हो सर," तो म्हणाला.

*

कार्यक्रमानंतर सगळे शिक्षकांच्या खोलीत जमले. आई भिंतीकडच्या बाकावर बसली. गुडघे दुखत होते, पण बरं वाटत होतं. दोनदा तिनं हे पाहिलं होतं, नवऱ्याचं आणि लेकीचं. पहिल्या वेळी घरी परतताना तिला वाटलं होतं की आपण गर्दीत काहीतरी विसरून आलोय. आज तसं वाटत नव्हतं.

समोर पर्सरबाई हातवारे करून सांगत होत्या की घसरगुंडीच्या तोंडाशी एक बाई चपला काढून नीट ठेवायला थांबली होती. "मी म्हटलं, बाई, खाली गालिचा नाही!" सगळे हसत होते. टिटवी सगळ्यांत मोठ्यानं, लहानपणीसारखी किंचाळून. दादा आणि मास्तर फळ्यावर काहीतरी भागाकार मांडत होते. वहिनीनं मधल्या पोरीचा खरचटलेला कोपर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "कुणी बांधलंय हे? इकडे दे."

चहा आला. मोठी किटली आणि कप. आई उठायला लागली, तेवढ्यात बाबांनी ट्रे उचलला. ज्या माणसानं लग्नापासून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नव्हतं, तो सहा कप भरून आधी केबिनमधल्या तीन पोरांकडे गेला.

"अहो मोठे कॅप्टन, बसा ना!" पर्सरबाई धावल्या. "आम्ही देतो."

"तुम्ही बसा," बाबा म्हणाले. "साखर किती?"

पोरगी गोंधळून म्हणाली, "दोन."

त्यांनी दोन चमचे घातले, ढवळलं, कप तिच्या हातात नीट बसला की नाही ते बघितलं आणि मग पुढच्याकडे सरकले.

दारात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि बाबांना हेरलं. "सर, एक फोटो. तुम्ही आणि मॅडम, दोघंच. दोन पिढ्यांचे दोन हीरो. खिडकीपाशी उजेड छान आहे."

टिटवी बाबांकडे बघत होती. सगळेच बघत होते.

"आत्ता नाही," बाबा म्हणाले. "माझे हात गुंतलेत." आणि ते मास्तरांकडे वळले. "तुम्हाला साखर किती?"